विवाहाचा केक : आवडी दोन, सुरी एक

२९ एप्रिल २०११ रोजी लंडनमध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मिडलटन यांचा विवाह झाला. त्यानंतर बकिंगहॅम राजवाड्यात झालेल्या स्वागतसमारंभात पाहुण्यांसमोर एक नव्हे, तर दोन केक मांडण्यात आले होते. पहिला आठ मजली, पांढराशुभ्र, सुक्या मेव्याचा आणि साखरेच्या सुमारे ९०० फुलापानांनी मढवलेला. तो फिओना केर्न्स यांनी तयार केला होता आणि त्याच्या सजावटीविषयीच्या सूचना केट यांच्या होत्या. इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचे काटेफूल, वेल्सचे डॅफोडिल आणि आयर्लंडचे शॅमरॉक अशी चारही प्रदेशांची मानचिन्हे त्यावर होती. दुसरा केक भट्टीत गेलाच नव्हता. चहाबरोबर खाल्ली जाणारी साधी बिस्किटे मोडून, वितळलेल्या चॉकलेटमध्ये मिसळून तो थिजवण्यात आला होता. विल्यम यांच्या विनंतीवरून राजघराण्यातील पाककृतीनुसार मॅकव्हिटीज या बिस्किट कंपनीने तो तयार करून दिला होता.

या दोघांमध्ये केकवरून मतभेद झाले होते, असे म्हणण्यास काहीही आधार नाही. तथापि त्या दिवशीची मांडणी विचार करण्यासारखी होती. जगाला दाखवायचा केक दर्शनी जागी होता आणि मनापासून आवडणारा केक त्याच समारंभात स्वतंत्रपणे उपस्थित होता. कोणालाही आपली आवड सोडावी लागली नाही आणि एकाची आवड दुसऱ्याच्या आवडीत कालवलीही गेली नाही. ज्यांच्याकडे राजवाडा नाही आणि खर्चाला मर्यादा आहे, अशा वधूवरांना मात्र हाच प्रश्न एका केकमध्ये सोडवावा लागतो.

भारतात गोवा, वसई, मुंबई, केरळ आणि ईशान्येकडील राज्यांतील ख्रिस्ती विवाहांमध्ये केकला फार पूर्वीपासून स्थान आहे. केरळमधील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी १८८३ मध्ये पहिला नाताळचा केक भाजला, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. अलीकडच्या काळात इतर समाजांच्या स्वागतसमारंभांतही केक कापण्याची पद्धत रुळली आहे. साखरपुडा हा शब्दच साखरेवरून आलेला असल्याने तेथे केक आला, याचे फारसे आश्चर्य कोणाला वाटलेले दिसत नाही.

वाद नेमका कशाचा

जेवणाच्या यादीत पंधरा-वीस पदार्थ असतात. एकाला श्रीखंड आणि दुसऱ्याला जिलबी हवी असेल, तर दोन्ही ठेवता येतात आणि कोणाच्याही ते लक्षात राहत नाही. केकचे तसे नसते. तो एकच असतो, सभागृहात सर्वांच्या नजरेसमोर असतो, छायाचित्रांत कायमचा राहतो आणि वधूवरांनी तो एकाच सुरीने, हातावर हात ठेवून कापायचा असतो. शिवाय तो एकाच वेळी शोभेची वस्तू आणि खाण्याचा पदार्थ असल्याने त्याच्याबद्दलची मतेही दोन प्रकारची असतात. एकाला तो दिसायला कसा असावा याची चिंता असते, तर दुसऱ्याला तो लागायला कसा असावा याची.

एकाला उंच, पांढरा आणि फुलांचा केक हवा असतो. दुसऱ्याला त्यात दिखाऊपणा वाटतो. एकाला चॉकलेट हवे असते; दुसऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रममध्ये भिजवलेल्या मनुकांचाच केक झालेला असतो. एकाला क्रिकेटच्या मैदानाच्या आकाराचा केक हवा असतो आणि दुसऱ्याला ही कल्पना आठ वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला शोभणारी वाटते. याखेरीज एक अतिशय सामान्य प्रकार म्हणजे "तुला हवा तो ठरव, मला काही नाही" असे सांगणारा जोडीदार. ही तडजोड समजली जाते, पण बहुतेक वेळा ती केवळ लांबणीवर टाकलेली चर्चा असते. चव पाहण्याच्या दिवशी त्याच व्यक्तीचे अतिशय ठाम मत प्रकट होते आणि तोपर्यंत आगाऊ रक्कम भरून झालेली असते.

परंपरेचे वय

अशा वादात एक पक्ष सहसा परंपरेचा आधार घेतो. ही परंपरा किती जुनी आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या राणी व्हिक्टोरिया यांच्या विवाहातील केकचे वजन सुमारे ३०० पौंड, म्हणजे १३५ किलोंहून अधिक होते; परंतु तो आजच्यासारखा मनोरा नसून एक प्रचंड सपाट चाक होते आणि त्यावर नवदांपत्याला आशीर्वाद देणारी ब्रिटानियाची साखरेची मूर्ती होती. पुढे १८५८ मध्ये त्यांच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहात केक उंच झाला, मात्र वरचे भाग निव्वळ साखरेचे होते. सर्व मजले खरोखर केकचे असलेला राजघराण्यातील पहिला केक १८८२ मध्ये राजपुत्र लिओपोल्ड यांच्या विवाहात दिसला, असे मानले जाते. वरच्या मजल्यांचा भार पेलण्यासाठी साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचे आयसिंग इतके कडक करावे लागले की, पूर्वी एकटी वधू कापत असलेला केक कापण्यासाठी वराचा हात लागू लागला, असे सांगितले जाते. आज ज्या क्षणासाठी छायाचित्रकार धावपळ करतात, त्याचे मूळ अशा व्यावहारिक अडचणीत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर ब्रिटनमध्ये १९४० पासून केकवर साखरेचे आयसिंग करण्यास सरकारनेच मनाई केली. तेव्हा पुठ्ठ्याचे आणि प्लॅस्टरचे पांढरे मजली केक भाड्याने मिळत आणि त्या पोकळ देखाव्याखाली एखादा लहानसा साधा केक झाकून ठेवला जाई. विवाह त्यामुळे अपुरे ठरले नाहीत. ग्लासगो विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ सायमन चार्सली यांनी विवाहाच्या केकचा इतिहास आणि त्यामागील समजुती यांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. केकचा अर्थ काय, असे विचारल्यावर बहुतेकांकडे उत्तर नव्हते, हे त्यांचे निरीक्षण होते. विवाहात केक असतो, म्हणून तो असतो. ज्या वस्तूचा अर्थच ठरलेला नाही, तिच्या रूपाबाबत एकाच पक्षाला परंपरेचा हक्क सांगता येईल, असे यावरून दिसत नाही.

आत एक, बाहेर दुसरे

केकच्या रचनेतच तडजोडीला बरीच जागा आहे, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. बाहेरचे आवरण आणि आतला केक यांचा परस्परांशी संबंध असतो, पण तो अतूट नसतो. पांढऱ्या आवरणाखाली चॉकलेटचा केक असू शकतो. तीन मजल्यांपैकी एक मनुकांचा, एक चॉकलेटचा आणि एक लिंबाचा असू शकतो. एकाने बाह्यरूप ठरवावे आणि दुसऱ्याने चव, ही विभागणी व्यवहारात सर्वाधिक यशस्वी ठरते, कारण तीत कोणाचाही निर्णय अर्धवट राहत नाही.

याउलट, दोघांच्या कल्पना एकाच पृष्ठभागावर एकत्र करण्याचा मोह होतो आणि तिथे बहुतेक वेळा फसगत होते. निम्मी फुले आणि निम्मे क्रिकेटचे चेंडू असलेला केक कोणाचाच राहत नाही. गेल्या काही वर्षांत समोरून पांढरा, झालरींचा आणि मागून चित्रकथांतील नायकांच्या रंगांत रंगवलेला केकही पाहण्यात येतो. त्यात गंमत आहे. मात्र मागची बाजू भिंतीकडे असते आणि छायाचित्रांत समोरचीच येते, हे मागच्या बाजूच्या मालकाने आधीच मान्य केलेले बरे.

मजले एकावर एक न ठेवण्याचाही मार्ग आहे. १९ मे २०१८ रोजी विंडसर येथे राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल यांच्या विवाहात मनुकांच्या केकची प्रथा बाजूला ठेवून लिंबू आणि एल्डरफ्लॉवर या फुलाच्या स्वादाचा केक करण्यात आला. लोण्याचे आवरण आणि ताजी फुले असलेले त्याचे भाग एकच मनोरा न रचता वेगवेगळे मांडण्यात आले होते. अशा मांडणीत प्रत्येक केक वेगळा असला तरी विसंगत वाटत नाही आणि मजल्यांचा भार पेलण्याचा प्रश्नही उरत नाही.

तो भार हा काही किरकोळ प्रश्न नाही. फॉन्डंट, म्हणजे साखरेच्या मळलेल्या पिठासारखे गुळगुळीत आवरण, वजनदार असते. दुधात भिजवलेला किंवा अतिशय हलका स्पंज त्याखाली दबतो. म्हणून वराला दुधाळ, ओलसर केक आणि वधूला धारदार कडांचा गुळगुळीत मनोरा हवा असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट केकवाल्याला नाकारावीच लागते. हा नकार पदार्थाच्या स्वभावातून येतो, कोणाच्या हट्टातून नव्हे. आणि कदाचित त्यामुळेच तो दोघांनाही पटतो.

हवामानाचे मत

भारतात आणखी एक पक्ष चर्चेत असतो, तो म्हणजे उष्मा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडून आकार सोडते. मे महिन्यात पणजी आणि मुंबई येथील कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात कॅथलिक विवाह सहसा टाळले जात असल्याने गोव्यात आणि वसईत ईस्टरनंतरचे दिवस लग्नसराईचे असतात, म्हणजे नेमके उकाड्याचे. परदेशी मासिकात पाहिलेला लोण्याच्या आवरणाचा केक तेथील उघड्या अंगणात तासाभरात खाली सरकू लागतो. वातानुकूलित सभागृह असेल किंवा विवाह डिसेंबरमध्ये शिलाँगला असेल, तर गोष्ट निराळी.

फॉन्डंट उन्हात अधिक टिकते, पण शीतकपाटातून दमट हवेत आणताच त्याला पाणी सुटते आणि रंग ओघळू शकतात. आवरण न लावता कडा उघड्या ठेवलेला केक दिसायला साधा आणि प्रसन्न असतो, मात्र पंख्याखाली तो लवकर कोरडा पडतो. ताजी फुले हा दोघांनाही पटणारा पर्याय अनेकदा निघतो. तेथे कण्हेर किंवा लिली ऑफ द व्हॅली यांसारखी विषारी फुले केकला लागता कामा नयेत, एवढे भान हवे. गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर जुना मनुकांचा केक इतका का टिकून राहिला, याचे उत्तर अंशतः हवामानातच आहे. साखर, सुका मेवा आणि मद्य यांमुळे तो कित्येक आठवडे राहतो आणि त्यावर बदामांऐवजी काजूच्या मर्झिपानचा थर देऊन कडक आयसिंग केले की उन्हाचे त्याला विशेष भय उरत नाही. आजीचा आग्रह चवीचा वाटतो. पुष्कळदा तो अनुभवाचा असतो.

जिथे निम्मे चालत नाही

आवडीनिवडींमध्ये मधला मार्ग काढता येतो. वर्ज्यावर्ज्याबाबत तो निघत नाही आणि ही दोन प्रकरणे एकच समजल्याने मने अधिक दुखावतात. वधू गोव्याची कॅथलिक आणि वर गुजराती जैन असेल, तर अंडे हा रुचीचा विषय राहत नाही. "खालचा मजला अंड्याचा, वरचा बिनअंड्याचा" हा तोडगा कागदावर न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात सुरी एकच असते, आवरण एकच असते, वाढणारे हातही तेच असतात. ज्या आजोबांनी आयुष्यभर अंडे वर्ज्य मानले, ते अशा केकचा वरचा मजलाही खाणार नाहीत आणि न खाण्याचे कारण भर समारंभात सांगणारही नाहीत. ते फक्त बशी बाजूला ठेवतील. नव्या सुनेच्या घरच्यांना त्याचा भलताच अर्थ लागू शकतो.

अंडे केवळ आतल्या केकमध्येच असते, असेही नाही. जुन्या पद्धतीच्या कडक पांढऱ्या आयसिंगमध्ये अंड्याचे पांढरे असते. फॉन्डंटमध्ये आणि काही मिठायांच्या सजावटीत जिलेटिन असू शकते आणि ते प्राण्यांपासून मिळते. भारतात वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवे चिन्ह आणि मांसाहारासाठी तपकिरी चिन्ह २००१ पासून बंधनकारक आहे आणि अंडे असलेला पदार्थ शाकाहारी गणला जात नाही. परंतु घरगुती व्यावसायिकाकडून मागवलेल्या मजली केकवर असे चिन्ह कोणी शोधत नाही. त्यामुळे केवळ "एगलेस" एवढे सांगणे पुरेसे नसते. आवरण आणि सजावट यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते. मद्याचेही तसेच. ज्या घरात ते वर्ज्य आहे, तेथे मनुका संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात भिजवता येतात. मात्र मग केक तितके दिवस टिकत नाही आणि तो आधीपासून करून ठेवता येत नाही.

अशा विवाहांत उपयोगी पडणारी वाटणी वेगळी असते. ज्याच्या घरी निर्बंध आहे, त्याचा शब्द घटकांबाबत पूर्णपणे मान्य करायचा आणि रूप, उंची, रंग, फुले, कापण्याची रीत हे सारे दुसऱ्याच्या पद्धतीने करायचे. अंड्याविना केकचा पोत थोडा ठिसूळ होतो, म्हणून उंच मजल्यांसाठी आतून अधिक आधार द्यावा लागतो. पण अनुभवी केकवाल्याला ते जमते. वधूच्या घरच्यांना आपला जुना मनुकांचा केक हवाच असेल, तर तो वेगळा करून, वेगळ्या सुरीने कापून, लहान डब्यांत घालून आपल्या नातलगांना देता येतो. केकचे तुकडे बांधून पाहुण्यांना देण्याची रीत ख्रिस्ती विवाहांत जुनीच असल्याने त्यात कोणाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही.

किलो आणि मजले

मतभेदांतील मोठा भाग पैशांचा असतो, परंतु तो सौंदर्यदृष्टीच्या नावाने मांडला जातो. ब्रिटन आणि अमेरिकेत विवाहाच्या केकची किंमत सामान्यतः तुकड्यांच्या संख्येवर ठरते. भारतात ती किलोवर ठरते. सहा, आठ आणि दहा इंचांचे तीन मजले मिळून साधारण सहा किलोंचा केक होतो. दोनशे पाहुण्यांना प्रत्येकी ५० ग्रॅमचा तुकडा द्यायचा, तर दहा किलो लागतात. पाहुणे साठच असतील आणि उंच मनोरा हवा असेल, तर निम्मा केक उरतो.

या गणिताला जुनेच उत्तर आहे. सजावट केलेले काही मजले थर्माकोलचे किंवा पुठ्ठ्याचे ठेवायचे, कापण्यापुरता भाग खरा ठेवायचा आणि पाहुण्यांसाठी स्वयंपाकघरात सपाट, बिनसजावटीचा केक कापून वाढायचा. अनेकांना यात फसवणूक वाटते. युद्धकाळातील ब्रिटिश वधूंना तसे वाटले नव्हते. शिवाय तडजोडीच्या दृष्टीने या पद्धतीचा एक लाभ आहे: दर्शनी केक एकाच्या कल्पनेचा आणि स्वयंपाकघरातला दुसऱ्याच्या चवीचा ठेवता येतो. दोनशेंपैकी किती जणांनी कोणता केक पाहिला आणि कोणता खाल्ला, हे कोणी मोजत नाही.

पैसे देणारे आईवडील असतील, तर चर्चेत दोनऐवजी सहा जण असतात. अशा वेळी केकवाल्याकडे सर्वांनी मिळून जाणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. वधूवरांनी आधी आपसांत ठरवून, वडीलधाऱ्यांना दोनच पर्याय दाखवले तर निवड लवकर होते. चव पाहताना नमुन्यांची नावे झाकून ठेवल्यासही बराच फरक पडतो. मनुकांच्या केकला विरोध करणारे कित्येकदा तोच उचलतात आणि त्यानंतर त्यांना आपले मत बदलण्यासाठी थोडा एकांत द्यावा लागतो.

वराचा केक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या सर्वांवर एक सरळ उपाय आहे. तेथे मुख्य पांढऱ्या केकखेरीज 'वराचा केक' म्हणून दुसरा केक असतो. तो बहुधा गडद रंगाचा, चॉकलेटचा किंवा मद्ययुक्त असतो आणि वराच्या छंदाप्रमाणे मासा, फुटबॉलचे मैदान अशा कोणत्याही आकाराचा असू शकतो. १९८९ मधील 'स्टील मॅग्नोलियाज' या चित्रपटात राखाडी आयसिंगखाली लालभडक केक असलेला आर्माडिलो प्राण्याच्या आकाराचा वराचा केक दाखवण्यात आला आणि या प्रथेची ओळख दूरवर झाली.

या प्रथेतून एक गोष्ट उघड होते. वराला वेगळा केक द्यावा लागतो, कारण मुख्य केक वधूचा हे गृहीत धरलेले असते. त्यामुळे वराची आवड म्हणजे विनोद आणि वधूची आवड म्हणजे सोहळा, अशी वाटणी होते. ज्या घरात वरालाच पांढरी फुले हवी आहेत आणि वधूला चॉकलेटचा मासा, तेथे ती उपयोगी नाही. भारतात दुसऱ्या केकला असे नाव नसल्याने तो कोणाचाही असू शकतो आणि ही सोय गमावण्याचे कारण नाही.

बकिंगहॅम राजवाड्यातील त्या दोन केकांपैकी मनुकांचा केक मात्र त्या दिवशी संपला नाही. ब्रिटिश प्रथेप्रमाणे त्याचे काही मजले अपत्यांच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवण्यात आले होते. जुलै २०१८ मध्ये विल्यम आणि केट यांचे तिसरे अपत्य राजपुत्र लुई याच्या बाप्तिस्म्यानंतरच्या चहापानात त्यातील एक मजला पाहुण्यांना वाढण्यात आला, तेव्हा विवाहाला सात वर्षे उलटून गेली होती.